देवघरांतील दगड आणि विहिरींतील दगड

आमच्या देवघरांत पांच दगड आहेत. पंचायतन म्हणतात तें हेंच. गंडकीचा शाळिग्राम, नर्मदेचा बाण, शोण नदीचा तांबडा गणपति, स्फटिकाचा सूर्य आणि धातूची चमक असलेली देवी. आमच्या पणजोबांनीं काशीयात्रेहून परत येतांना हे आणले, असें घरांत सांगतात. मुंज झाल्यापासून आम्हीं या पांच दगडांस स्नान घातलें, गंध लावलें, तुळस वाहिली. परंतु हे दगड आहेत, आणि दगड म्हणून त्यांनाहि कांहीं इतिहास असेल, हें आमच्या मनांत कधीं आलें नाहीं. तें आणून दिलें आमच्या नातवानें.

२०२३ सालच्या कार्तिकांतील ही गोष्ट. तुळशीच्या लग्नाची तयारी चालली होती. वहिनींनीं शाळिग्राम ताम्हनांत काढून ठेवला होता, आणि नातू, जो त्या वर्षीं दहावीस होता, मोबाइलचा दिवा धरून त्याजवर वांकून पाहत होता. एकाएकीं तो म्हणाला, "आजोबा, हा तर अ‍ॅमोनाइट आहे! समुद्रांतला प्राणी आहे हा." वहिनींच्या हातांतील कापसाचें वस्त्र तसेंच राहिलें. त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, देवाला प्राणी म्हणतो हा पोरगा, आणि तुम्ही मुकाट ऐकून घेतां!"

आम्हीं मुकाट ऐकून घेतलें, कारण उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. शब्दरूपें आणि संधि शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्या मास्तरास अ‍ॅमोनाइट कोठून ठाऊक असणार? पुढें कांहीं महिने आम्हीं जें मिळेल तें वाचलें. नातवाकडून मोबाइलवर शोधून घेतलें. आणि जें हातीं लागलें तें असें आहे कीं, तें आपल्यासारख्या इतर घरांपुढें ठेवल्यावांचून राहवत नाहीं.

नातू चुकला नव्हता. ज्या शाळिग्रामावर चक्र दिसतें, तें चक्र म्हणजे एका जलचराच्या शंखाचा ठसा होय. कोंकणांतील माकूळ ज्यांनीं पाहिली असेल, त्यांनीं तिच्या दूरच्या नात्यांतील, पण पाठीवर वेटोळें शंखाचें घर वाहणारा प्राणी डोळ्यांपुढें आणावा. तो मेला, समुद्राच्या तळाशीं चिखलांत पुरला गेला. चिखलाचा काळा दगड झाला, आणि शंखाची आकृति आंत जशीच्या तशी राहिली. गंडकी नदी मुक्तिनाथाच्या बाजूचे डोंगर पोखरीत खालीं येते, तेव्हां हे गोळे तिच्या पात्रांत मोकळे होतात. त्यांचें वय ढोबळ मानानें पंधरा कोटि वर्षें. असा प्राणी आज जगांत कोठेंहि जिवंत नाहीं.

हें सर्व वहिनींना सांगितलें, तेव्हां त्यांनीं जें उत्तर दिलें तें आम्हांस कोणत्याहि शास्त्र्यापेक्षां अधिक पटलें. त्या म्हणाल्या, "वज्रकीट नांवाचा किडा आंत राहून चक्र कोरतो, असें आमच्या आईनेंहि सांगितलें होतें. मग त्यांत जीव होता, हें नवीन काय सांगितलें तुम्हीं?" वज्रकीटाची कथा जुनी आहे खरी. ती रचणाऱ्यांस जीवाश्मशास्त्र ठाऊक होतें, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. त्यांनीं किडा दगड पोखरतो असें मानिलें, आणि येथें तर प्राणी आधीं व दगड मागाहून. परंतु त्या वळ्यांशीं कोणत्या तरी जिवाचा संबंध आहे, एवढें त्यांच्या डोळ्यांस दिसलें होतें. पूजा चालू राहिली. फक्त नातवानें हात धुऊन शाळिग्रामास हात लावावयाचा, एवढा एक नियम वहिनींनीं घातला.

आतां प्रश्न असा, कीं समुद्रांतला प्राणी हिमालयांत चढला कसा?

याचें उत्तर मिळावयास मनुष्यजातीला बराच काळ लागला. १९१२ सालीं आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञानें असें प्रतिपादन केलें, कीं खंडें स्थिर नाहींत. तीं पूर्वीं एकत्र होतीं आणि पुढें सरकत दूर गेलीं. त्याच वर्षीं दक्षिण ध्रुवाहून परततांना कॅप्टन स्कॉट व त्याचे सोबती बर्फांत मरण पावले. नोव्हेंबरांत त्यांचीं प्रेतें सांपडलीं, तेव्हां त्यांच्याजवळ सुमारें सोळा किलो वजनाचे दगडहि सांपडले. अन्न संपलें, शक्ति संपली, तरी तें ओझें त्यांनीं टाकिलें नव्हतें. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिस नांवाच्या, जिभेच्या आकाराचीं पानें असणाऱ्या वनस्पतीचे ठसे होते. हींच पानें आपल्या चंद्रपूर-बल्लारपूरकडील कोळशाच्या थरांबरोबर सांपडतात. ज्या जुन्या महाखंडाचे हे तुकडे, त्यास शास्त्रज्ञांनीं गोंडवन हें नांव दिलें, तें आपल्याच गोंड लोकांच्या प्रदेशावरून.

वेगेनरला मात्र खंडें सरकविणारी शक्ति कोणती, हें नीट सांगतां आलें नाहीं, आणि विद्वानांनीं त्याची थट्टा केली. १९३० सालीं ग्रीनलंडच्या बर्फांत तो वारला. त्याचें म्हणणें जगानें मान्य केलें तें पुढें पस्तीसएक वर्षांनीं, आणि त्याच्या बाजूनें ज्यांनीं साक्ष दिली त्यांत आपल्या महाराष्ट्राचा काळा पाषाण होता, ही गोष्ट आमच्या पिढीला शाळेंत कोणीं सांगितली नाहीं. म्हणून ती जरा सविस्तर सांगतों.

शिलारसाचा दगड होऊन तो थंड होऊं लागला म्हणजे त्यांतील लोहयुक्त सूक्ष्म कणांची चुंबकता होकायंत्राच्या सुईप्रमाणें पृथ्वीच्या चुंबकशक्तीच्या दिशेस लागते आणि दगड पुरता थंड झाला कीं त्याच दिशेस कायम राहते. ही दिशा विषुववृत्ताजवळ आडवी असते आणि ध्रुवाकडे जावें तसतशी अधिकाधिक कलती होते. म्हणजे दगडांतील चुंबकतेचा कल मोजला, कीं तो दगड कोणत्या अक्षांशावर थंड झाला, हें सांगतां येतें. दख्खनच्या पाषाणावर असें मापन इंग्लंडांतील एका मंडळीनें केलें व तें १९५६ सालीं प्रसिद्ध झालें; १९५९ सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील मंडळींचा, डॉइश, राधाकृष्णमूर्ति व सहस्रबुद्धे यांचा, याच विषयावरील निबंध निघाला. निष्पन्न काय झालें? आमचा जालना आज विषुववृत्ताच्या उत्तरेस वीस अंशांजवळ आहे. परंतु त्याच्या पायांखालचा दगड जेव्हां थंड झाला, तेव्हां तो विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेस होता! गोदावरी, देवगिरी, पैठण हें सारें ज्या भूमीवर पुढें व्हावयाचें होतें, ती भूमि तेव्हां समुद्रांतून प्रवास करीत होती.

मादागास्करपासून आपला भूपट्ट सुमारें नऊ कोटि वर्षांपूर्वीं सुटला. मध्यंतरीं त्याचा वेग वर्षाला पंधरा सेंटिमीटरांहून अधिक झाला होता. भूपट्टांच्या मानानें ही घोडदौडच म्हणावयाची. सुमारें पांच कोटि वर्षांपूर्वीं तो आशियास जाऊन भिडला. मध्यें जो टेथिस समुद्र होता, त्याचा तळ चेपला, दुमडला आणि वर उचलला गेला. तोच हिमालय. त्या तळांतील चिखलाबरोबर आमचा शाळिग्रामहि वर आला. ही ढकल अद्याप थांबलेली नाहीं; आजहि आपण वर्षाला सुमारें पांच सेंटिमीटर उत्तरेकडे जात आहों. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी व भोंवतालचीं गांवें झोपेंतच जमीनदोस्त झालीं आणि सुमारें दहा हजार माणसें गेलीं, तेव्हां आमच्या घरांतील फडताळांतलीं भांडीं वाजलीं होतीं. दख्खनची भूमि अचल आहे, असें शिकविणाऱ्यांत आम्हीहि होतों. त्या पहाटेनंतर तें वाक्य आम्हीं वर्गांत पुन्हां उच्चारलें नाहीं.

आतां विहिरीकडे वळतों.

१९७२ च्या दुष्काळांत आमच्या शेतांतील विहीर खोल करावयास घेतली होती. आम्ही तेव्हां दहा-अकरा वर्षांचे. सुरुंग लागल्यावर वर काढलेला दगड पाहत काठावर बसणें हा आमचा उद्योग. वर काळी माती, तिच्या खालीं मुरूम, मग काळा पाषाण. मग एकाएकीं हातभर जाडीचा विटेसारखा तांबडा पट्टा. आणि त्याच्या खालीं पुनः काळा पाषाण. एका दगडाच्या पोकळींत पांढऱ्या-गुलाबी स्फटिकांचा गुच्छ निघाला, तो आम्हीं कित्येक वर्षें दौतीशेजारीं ठेवला होता. हे स्फटिक झिओलाइट जातीचे; जालना-औरंगाबादकडचे असे नमुने परदेशांतील संग्रहालयांतहि गेले आहेत, आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयांत तर त्यांचें वैभव पाहून डोळे दिपतात.

ती विहीर म्हणजे एक पोथीच होती, फक्त आम्हांस ती लिपि येत नव्हती. प्रत्येक काळा थर म्हणजे शिलारसाचा एक पूर. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं जमिनीला लांबलचक भेगा पडून हे पूर एकामागून एक बाहेर आले. त्यांतील बहुतेक रस दहा लक्ष वर्षांच्या आंत ओतला गेला. आजहि त्यानें सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापिला आहे. दोन पुरांच्या मध्यें जो काळ गेला, त्यांत वरचा दगड कुजून जी माती झाली, तिच्यावर पुढचा तप्त रस येऊन ती भाजली. तोच तो तांबडा पट्टा. पश्चिमेस हे थर फार जाड आहेत व पूर्वेकडे पातळ होत जातात. कोयनेजवळ खणलेल्या विवरांत पाषाणाचा तळ ९३० मीटरांच्या पुढें लागला. किल्लारीस तो ३३८ मीटरांवर लागला, आणि त्याच्या खालीं फार जुना ग्रॅनाइट.

हा रस वर आणणारी आंच पृथ्वीच्या पोटांत फार खोल, एकाच जागीं होती आणि भूपट्ट तिच्यावरून सरकत गेला, असें बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. ती आंच आज हिंदी महासागरांतील रियुनियन बेटाखालीं आहे. तेथील ज्वालामुखी अद्याप जागृत आहे. मधल्या काळांत तिनेंच मॉरिशस बेट घडविलें. मॉरिशसांत गेल्या शतकाच्याहि आधीं मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजहि राहतात. त्यांच्या अंगणांतला काळा दगड आणि आमच्या अंगणांतला काळा दगड एकाच चुलीवरचे, हें कळल्यावर आम्हांस कां कोण जाणे फार बरें वाटलें.

या विहिरीवरूनच आम्हांस आमचा एक अपराध कबूल करावयाचा आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत विज्ञानाचे शिक्षक रजेवर असतां त्यांचा तास आम्हीं घेतला. विषय उत्क्रांति. आम्हीं मोठ्या ऐटींत सांगितलें, कीं यांत नवें कांहींच नाहीं. आधीं मत्स्य, मग कूर्म, मग वराह, मग नृसिंह, मग वामन. डार्विन जें सांगतो तें आपल्या दशावतारांत आहेच. मागच्या बांकावर विहिरी खणणाऱ्या एका गृहस्थाचा मुलगा बसत असे. तो उठून म्हणाला, "गुरुजी, मग आमच्या हिरीत मासा का निघंना?" वर्ग हंसला. आम्हीं त्यास खालीं बसविलें, आणि "वात्रटपणा करूं नकोस" असें म्हणालों. त्या तासांतील एकमेव शास्त्रीय प्रश्न त्या मुलानें विचारला होता.

त्याचें उत्तर आज येतें तें असें. ज्या दगडांत ती विहीर खणली, तो दगड वितळलेला होता. त्यांत मासा राहील कसा? परंतु दोन पुरांच्या मध्यें जेथें तळीं सांचलीं, तेथें शोधावें. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी, ज्यांच्या नांवाचें महाविद्यालय नागपुरांत आहे, त्यांनीं व त्यांचे सहकारी हंटर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूरजवळच्या टाकळी येथें नेमकें हेंच केलें; दोन काळ्या थरांमधील गाळांत त्यांना गोड्या पाण्यांतील गोगलगाईंचे शंख, फळें, बिया सांपडल्या. पुढें लखनौचे प्रा. बिरबल साहनी यांनीं अशाच थरांतील वनस्पतींवर फार मोठें काम केलें. लखनौच्या संस्थेची कोनशिला निरनिराळ्या युगांतील जीवाश्म बसवून त्यांनीं घडविली. ३ एप्रिल १९४९ रोजीं ती बसली, आणि आठवड्याभरांत ते गेले. संस्थेचा भार मग त्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांनीं वाहिला.

त्याच संस्थेंतील वंदना प्रसाद व त्यांचे सहकारी यांनीं २००५ सालीं एक मौजेचा शोध प्रसिद्ध केला. चंद्रपूर जिल्ह्यांत पिसदुरा येथें, काळ्या पाषाणाच्या तळच्या थरांत, डायनोसॉरची वाळून दगड झालेली विष्ठा सांपडते. तिच्यांत त्यांना गवताचे गारेसारखे सूक्ष्म कण मिळाले. दर्भ उपटतांना बोट कापतें, तें ज्या कणांच्या धारेनें, तेच हे कण. तोंवर असें समजत, कीं डायनोसॉर होते तेव्हां गवत जवळजवळ नव्हतेंच. आणि त्या कणांत आपल्या भाताच्या कुळाच्या आप्तांचेहि कण होते! घरीं ही हकीकत जेवतांना सांगण्याची चूक आम्हीं केली. पण नातवानें त्या दिवशीं भात दोनदां मागून घेतला.

आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या जुन्या गाळांतहि जीवाश्म आहेत, ते पुष्कळ अलीकडचे. वरच्या अंगास नांदूर मध्यमेश्वराजवळ, आतां नामशेष झालेल्या एका प्रचंड हत्तीची कवटी सांपडली. तिजविषयीं पिल्ग्रिम यांनीं १९०५ सालीं लिहिलें. म्हणजे विहीर सोडून नदीकडे बोट दाखविलें असतें, तरी त्या मुलास उत्तर मिळालें असतें.

आतां दशावतारांविषयीं. अवतारकथांवर आमचें प्रेम आहे व तें आमरण राहील. परंतु त्यांचा डार्विनशीं मेळ घालण्याची कल्पना प्राचीन नाहीं. थिऑसफीच्या संस्थापिका ब्लाव्हाट्स्की बाईंच्या १८७७ च्या ग्रंथांत ती आढळते, म्हणजे डार्विनच्या १८५९ च्या पुस्तकानंतर अठरा वर्षांनीं. त्यापूर्वींच्या कोणा संस्कृत टीकाकारानें असा अर्थ काढलेला आमच्या वाचनांत नाहीं. दुसरें असें, कीं पुरावा या क्रमास जुळत नाहीं. रंगा राव नांवाच्या भारतीय भूशास्त्रज्ञांनीं काश्मिरांतील कालाकोटजवळून जीवाश्मांचे दगड गोळा केले होते. ते वारल्यावर त्यांच्या पत्नीनें ते दगड जपून ठेवले, आणि पुढें थेविसन या अमेरिकेंतील शास्त्रज्ञांच्या स्वाधीन केले. त्यांत एक कवटी फोडली गेली, तेव्हां कानाच्या हाडाची ठेवण देवमाशाच्या हाडासारखी निघाली! तो प्राणी मात्र खुरांचा, पायांचा, मांजराहून थोडा मोठा. इंडोह्युस असें त्याचें नांव, आणि वय ४ कोटि ८० लक्ष वर्षें. हा शोध २००७ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे देवमाशाचे पूर्वज जमिनीवरून पाण्यांत गेले. वराहाचा मत्स्य झाला, असें आमच्या जुन्या भाषेंत म्हणावें लागेल, आणि मग आमच्या त्या ऐटबाज व्याख्यानाचें काय उरतें?

कोणी म्हणतील, कल्प ४३२ कोटि वर्षांचा आणि पृथ्वीचें वय ४५४ कोटि. हें जवळपास जुळलें ना? जुळलें, पण एक आंकडा दगडांतील किरणोत्सर्गी मूलद्रव्यांचा ऱ्हास मोजून काढलेला आहे, तो उद्यां अधिक चांगल्या मापनानें बदलूंहि शकेल, आणि बदलल्यास शास्त्रज्ञ तसें छापतील. मंठ्याच्या पुढें लोणारचें सरोवर आहे. तें अशनिपातानें झालें यांत आतां संशय नाहीं; परंतु केव्हां? एका पद्धतीनें पन्नास हजार वर्षें येतात, तर २०१० च्या सुमारास दुसऱ्या पद्धतीनें पांच लक्ष सत्तर हजार आलीं. दहापटींहून अधिक फरक, आणि तो दोन्ही पक्षांनीं उघड मांडलेला! आम्हांस ही पद्धति परकी वाटत नाहीं. पूर्वपक्ष न लपवितां मांडावा, हेंच तर आम्ही न्यायशास्त्रांत शिकलों.

शाळिग्राम व विहीर यांची एक भेट मात्र खरी आहे. अ‍ॅमोनाइटांचा वंश पृथ्वीवर तीस कोटींहून अधिक वर्षें नांदला आणि संपला तो नेमका ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं, डायनोसॉरांबरोबर. जालन्याचा काळा पाषाण ओतला जात होता तेव्हां. त्याच सुमारास मेक्सिकोंत एक प्रचंड अशनि पडला. संहार मुख्यत्वें त्यानें झाला, असें बहुतेकांचें मत. आपल्या शिलारसाच्या धुरानें त्यांत किती हातभार लाविला, यावर वाद चालू आहे.

नातू ज्या पुस्तकावरून शिकत होता, त्या राष्ट्रीय परिषदेच्या दहावीच्या पुस्तकांतून २०२३ सालीं उत्क्रांतीचा भाग गळला होता. अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञांनीं व शिक्षकांनीं सह्या करून निषेध केला. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ सालच्या पुस्तकांत तो विषय पहिल्याच प्रकरणांत आहे. तें पुस्तक आम्हीं शेजाऱ्यांकडून मागून आणिलें. याहून खोल वाचावयाचें तर मराठी विश्वकोश आंतरजालावर कोणासहि विनामूल्य वाचतां येतो. त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, वाईच्या पाठशाळेंत वाढलेले नैयायिक. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे 'भूकोश' या नांवानें पाहतां येतात. त्यांत आपलें गांव शोधण्यांत एक दुपार सहज जाते. वहिनींनीं त्यांत आपलें माहेर शोधविलें. तेथेंहि काळा पाषाणच निघाला.

गेल्या उन्हाळ्यांत विहिरीचें काम पुनः निघालें. यारी घेऊन जो आला, तो मागच्या बांकावरचा तो मुलगा, आतां पन्नाशीचा. आम्हीं त्याची क्षमा मागितली आणि त्याच्या प्रश्नाचें उत्तर दिलें. त्यास तो तास आठवतहि नव्हता. पण सर्व ऐकून घेऊन तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, काळ्यात नसंल. पण त्या तांबड्या पट्ट्यात कुणी पाह्यलं का? ती तर माती हाय म्हणता." आणि संध्याकाळीं त्यानें तांबड्या मातीचीं तीन मोठालीं ढेकळें ओट्यावर आणून ठेवलीं.

तीं वहिनींनीं देवघरांत येऊं दिलीं नाहींत. माजघराच्या कोनाड्यांत आहेत. नातू सुट्टीस आला कीं दाभण व भिंग घेऊन बसतो. दोन ढेकळें फोडून झालीं. अद्याप कांहीं सांपडलें नाहीं.